मधली गाडी

लग्नसराई लागली की
आमच्या जीवाजीगंजात रात्री बंदुका बोलतात.
वरात म्हटली की इकडे असंच :
घोडी, बँड, मागून धूर ओकणारी जनरेटरची गाडी,
आणि नवरदेवाचा कुणीतरी फुफा
दुनाली खांद्याला लावून
आकाशाशी कसलं वैर काढतो कोण जाणे.

पहिला बार झाला की हे ताटावरून उठतात.
हात धुतात, नीट, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा,
आणि शिलाई मशीनपाशी जाऊन बसतात.

मशीन माझं. सासूबाईंनी दिलेलं, पायाचं.
त्याच्या फळीला परागनं दोन दिवाळ्यांमागे
प्लास्टिकचं स्टिअरिंग आवळून बसवलं,
खाली ब्रेक, क्लच.
ह्यांचा पाय चुकून माझ्या पायट्यावर पडला
तर सुई उगाच
हवेत दोन टाके घालते.

मुरारचे डॉक्टर म्हणाले होते, ताण आहे.
हे हसले.
‘ताण तंबूच्या दोरीला असतो, साहेब.
मला नुसती झोप नाही.’
सहा महिने गोळ्या खाल्ल्या,
उशाशी रिकाम्या पाकिटांची चांदी साठली.

परागला वाटलं, बाबांना लढाईचा गेम आवडेल.
तोच लावून दिला आधी.
ह्यांनी पाच मिनिटं पाहिला. म्हणाले,
‘ह्यात कुणाच्या घरी पत्र लिहावं लागत नाही.’
बंद केला.

मग हा ट्रकचा.
कुठल्याशा थंड देशातले रस्ते,
बावीस टन लाकूड, किंवा दही
(हो, दह्याचेही टँकर असतात तिथं)
इकडे भरायचं, तिकडे उतरवायचं.
कुणी मरत नाही. फार तर दंड होतो.
ह्यांना आजवर एकही नाही.
मागेपुढे चिटपाखरू नसलं तरी
लाल दिव्याला थांबतात, हँडब्रेक ओढतात.

कानातल्या यंत्रात भिंडहून भदौरियाभाऊ.
दोघं एकाच कंपनीत होते, एकाच बर्फात.
‘घाटगे, आगे मोड़ है.’
‘देख लिया. तू फासला रख.’
बाहेर धाड धाड चालू,
फडताळात पेल्यांना कापरं भरलेलं,
आणि हे गिअर बदलतात, अलगद,
झोपलेल्या पोराची कूस बदलावी तसा.

मी शेजारी मटार सोलत असते.
एकदा विचारलं, भाऊ इतके मागे का?
दोघांच्या मध्ये आणखी एक ट्रक मावेल.
पडद्यावरून नजर न काढता म्हणाले,
‘आहे ना.’

मी पुढे विचारलं नाही.
दर पौषात एक मनिऑर्डर जायची,
बचनसिंग नेगीच्या आईला,
ती गेली त्या वर्षापर्यंत.
खाली दोनच शब्द : ‘आपका बेटा’.

परवा समोरच्या कुशवाहांचा बारका
आपल्या घरून ह्यांच्या रस्त्यावर आला.
भरधाव, भोंगा वाजवत,
नेमका त्या मोकळ्या जागेत घुसला.
माझा हात शेंगेतच राहिला.
वाटलं, आता काहीतरी फुटणार.
हे एवढंच म्हणाले,
‘भदौरिया, और पीछे ले.’
एका गाडीची जागा होती,
ती दोन गाड्यांची झाली.

पहाटे वरात निवते.
रस्त्यावर लीद, चुरगळलेला झेंडू, पुंगळ्या.
झाडूवाली यायच्या आत हे खाली उतरतात,
पुंगळ्या तेवढ्या वेचून आणतात,
पोरांच्या हाती लागू नयेत म्हणून.
वर आले की भिंडचा फोन.
‘माल पहुँचा?’
‘पहुँचा.’
‘गाड़ियाँ?’
‘तीनों.’

मग झोपतात. साडेसात, कधी आठपर्यंत.
मिश्रांच्या सुनेचा ब्लाउज राहिलाय शिवायचा,
आज देते म्हणून कबूल केलंय.
मशीनचा आवाज होतो.
राहू दे.